आधी गॅलरी, मग तलाव, मग ताडोबा: नागपुरात पक्षी-प्राणी पाहायचे तर या क्रमाने

आपल्याकडे बहुतेक जणांची सुरुवात उलट्या टोकाकडून होते. आधी ताडोबाची जिप्सी बुक होते, मग घाईघाईत ऑनलाइन मिळेल ती दुर्बीण येते, वाघ दिसला नाही की अख्खी ट्रिप वाया गेली म्हणून घरी परत, आणि ज्या घरी परत आलो त्या घरासमोरच्या कडुलिंबावर धनेशाची जोडी रोज येऊन बसते हे वर्षानुवर्षं माहीतच नसतं. डोळा तयार व्हायला वेळ लागतो हो, आणि तो तयार होतो घरी आणि गावातल्या तलावावर, जंगलात गेल्यावर नाही. म्हणून हा क्रम लिहितो आहे. यातली एकही पायरी महागडी नाही, पण एक गाळून पुढची केली तर मजा अर्धी होते, आणि काही ठिकाणी पक्ष्यांचं नुकसानही होते.

## १. घरी आधी पाणी, बाकी सगळं नंतर

मार्चपासून जूनपर्यंत नागपुरात पक्ष्यांना दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डबकी, नाल्या सगळं आटून जातं, आणि सावलीत ठेवलेल्या एका पसरट भांड्यावर जेवढे पक्षी येतात तेवढे दाण्याच्या फीडरवर येत नाहीत.

भांडं मातीचं घ्या आणि पसरट घ्या. स्टीलचं किंवा पत्र्याचं ठेवलं तर दुपारी पाणी चटका देण्याइतकं तापते. प्लास्टिकच्या डब्याचा काठ गुळगुळीत, पक्ष्याचा पाय ठरत नाही. खोली कडेला एक इंच आणि मधे फार तर दोन इंच, त्याहून जास्त नको. मधोमध एक खडबडीत गोटा असा ठेवायचा की त्याचा माथा पाण्याच्या वर राहील, त्यावर लहान पक्षी उतरतात आणि पाण्यात पडलेली मधमाशीही चढून वाचते.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. एक, दुपारी बारा ते चार तिथे सावली हवी. दोन, चार-पाच फुटांवर एखादी फांदी किंवा दोरी हवी, कारण कोणताच पक्षी सरळ भांड्यावर उतरत नाही. बुलबुलाला एकदा लक्ष देऊन पाहा, तो आधी पेरूच्या फांदीवर बसतो, मान इकडे तिकडे करतो, मग भांड्याच्या काठावर येतो, चोच बुडवून मान वर करतो, परत एकदा मागे पाहतो, आणि दोन-तीन घोटांनंतर खात्री पटली की मगच पाण्यात उतरून पंख फडफडवतो. ती फांदी नसेल तर तो येतच नाही आणि लोक म्हणतात आमच्याकडे पक्षीच नाहीत. तीन, मांजर दबा धरून बसेल अशी दाट झुडपं भांड्याला लागून नकोत.

पाणी रोज सकाळी बदलायचं आणि दोन दिवसांआड भांडं नारळाच्या शेंडीने किंवा ब्रशने घासायचं, साबण नको. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर तळाला हिरवा बुळबुळीत थर धरतो आणि एका आजारी पक्ष्यापासून बाकीच्यांना लागण होते. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात साधारण आठवडाभरात तयार होतो, म्हणून "ठेवलं आणि विसरलो" हे चालणारच नाही.

सावधान: मोठ्या काचेच्या खिडकीसमोर तीन-चार मीटरवर भांडं ठेवू नका. पक्षी घाबरून उडाला की काचेत दिसणाऱ्या आभाळात घुसायला जातो आणि आदळतो. एकतर भांडं काचेला अगदी लागून ठेवा, म्हणजे त्याला वेग घ्यायला जागाच राहणार नाही, नाहीतर चांगलं दूर ठेवा. काचेवर बाहेरून ठिपके किंवा पट्ट्या चिकटवायच्या असतील तर दोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका, मधे एकच मोठं गरुडाचं स्टिकर लावून काही होत नाही.

## २. खाऊ घालायचं का?

माझं मत स्पष्ट आहे, फ्लॅटमध्ये राहत असाल तर दाणे टाकू नका. ज्वारी-तांदूळ टाकले की आठ दिवसांत कबुतरं येतात, ती आली की चिमण्या, होले सगळे मागे हटतात, आणि कबुतरांच्या विष्ठेची धूळ रोज नाकात गेली की काही लोकांना फुप्फुसाचा चिवट आजार होतो. शेजाऱ्यांशी भांडण होते ते वेगळंच.

स्वतंत्र घर आणि अंगण असेल तर मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी सकाळी, तीही दहाच्या आत संपेल एवढीच. पिकलेल्या पपईची फोड किंवा केळं फांदीला खोचलं तर बुलबुल, साळुंकी, खार सगळे येतात. शेव, चिवडा, बिस्किट, ब्रेड, उरलेला मसालेभात हे बंद. मीठ आणि तेल त्यांच्या एवढ्याशा शरीराला झेपत नाही आणि ब्रेडने नुसतं पोट भरते.

आणि एक, पोपट पिंजऱ्यात ठेवून "आम्हाला पक्ष्यांची आवड आहे" असं सांगणारी घरं अजून भरपूर आहेत. आपला देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मिठू म्हणून लाडाने ठेवला तरी गुन्हाच.

## ३. दोन-तीन कुंड्या नीट निवडा

दाण्यांपेक्षा झाडं भारी. लाल जास्वंद आणि हॅमेलिया लावा, शिंजीर, म्हणजे तो चमकता जांभळा इवलासा पक्षी, हमखास येतो. कढीपत्ता वाढू द्या आणि त्याला काळी फळं धरू द्या, बुलबुलासाठी.

पण माझी सगळ्यात आवडती कुंडी म्हणजे लिंबाची किंवा संत्र्याची. संत्र्याच्या गावात राहतो आणि गॅलरीत संत्र्याचं एक रोप नाही असं कसं? त्याच्या कोवळ्या पानावर लिंबाळी फुलपाखरू एकेक गोल फिकट पिवळं अंडं घालते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला काळपट-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणून पक्षी तिला खात नाही आणि आपणही घाण समजून पाणी मारून टाकतो. मोठी झाली की ती एकदम हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हळूच टोचा, डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे एकदा दाखवा आणि त्यांचा चेहरा पाहा. पुढे कोष, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू.

तपासून पाहा: पानं कुरतडलेली दिसली की नर्सरीवाल्याने सांगितलेलं औषध मारायच्या आधी पान उलटं करून पाहा. अळी असेल तर औषध नाही. आठवड्याभराचा प्रश्न असतो, झाड मरत नाही, परत फुटते.

## ४. घरटं आणि कूलर

हा भाग खास नागपूरकरांसाठी. दिवाळीनंतर कूलर बंद होतो आणि खिडकीत तसाच राहतो, आणि त्याच्या खसेच्या जाळीत किंवा वरच्या सांदीत चिमण्या, होले घरटं करतात. मग मार्चमध्ये गरम झालं की बटण दाबलं जातं. पुढचं लिहायची गरज नाही.

म्हणून क्रम असा: होळीच्या सुमारास कूलर सुरू करायच्या दोन दिवस आधी लांबूनच पाहा की पक्षी काडी घेऊन ये-जा करतोय का. करत असेल तर चारी बाजू उघडून आत टॉर्च मारा. नुसत्या काड्या असतील, अंडी नसतील, तर लगेच काढा आणि जवळच घरटं करायला दुसरी जागा द्या. अंडी किंवा पिल्लं असतील तर तो कूलर तीन-चार आठवडे राहू द्या. चिमणीची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडून जातात. मार्चमध्ये तेवढी कळ काढता येते, आणि दुसऱ्या खोलीतला कूलर आहेच की.

चिमणीसाठी लाकडी पेटी लावायची असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं, त्याहून मोठं केलं की साळुंकी घुसते. भोकाखाली बसायला काडी लावलेली पेटी घेऊ नका, त्या काडीचा उपयोग कावळ्यालाच होतो. आठ-दहा फूट उंचीवर, पंख्यापासून दूर, आणि पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची भिंत एवढी तापते की आत पिल्लं भाजून निघतील.

सावधान: कुंडीत बुलबुलाचं घरटं सापडलं की दिवसातून दहादा फोटो काढायला जाऊ नका आणि "नीट दिसावं" म्हणून फांदी तर मुळीच छाटू नका. कावळा आपल्यावर लक्ष ठेवून असतो. आपण जिथे वारंवार वाकून पाहतो तिथे काहीतरी आहे हे त्याला बरोबर कळते. लांबून पाहा, फ्लॅश बंद ठेवा, आणि पाणी त्या कुंडीच्या बुडाशी हळूच घाला.

## ५. दुर्बीण: घेणं सोपं, लावणं लोकांना येत नाही

८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार २०×, ३०× दाखवून मोहात पाडतो, पण जेवढं मोठं दिसते तेवढाच हाताचा थरथराटही मोठा दिसतो आणि पक्षी शोधायला जागा कमी उरते, त्यामुळे नवख्या माणसाला त्यात फक्त हलणारी पानं दिसतात. मुलांसाठी किंवा वजन नको असेल तर ८×३२ चालेल. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून पाहून मगच घ्या.

घरी आणल्यावर एकदा नीट बसवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे:

१. दोन्ही नळ्या जवळ-दूर करा, दोन गोल न दिसता एकच गोल दिसला पाहिजे.
२. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर काढा.
३. उजवी नळी हाताने झाका. डाव्या डोळ्याने लांबची एखादी पाटी पाहा आणि मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा.
४. आता डावी झाका. मधल्या चाकाला हात लावायचा नाही, उजव्या नळीवरची छोटी रिंग फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा.
५. दोन्ही डोळ्यांनी पाहा. रिंग कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, ती आता तुमची. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं.

पायरी ४ कोणीच करत नाही आणि मग "डोकं दुखतं दुर्बिणीने" म्हणून ती कपाटात जाते.

पक्षी सापडत नाही ही दुसरी तक्रार. कारण माणूस पक्षी पाहतो, मग खाली दुर्बिणीकडे पाहतो, मग ती डोळ्याला लावून अंदाजाने शोधतो. तसं नाही करायचं. नजर पक्ष्यावर रोखलेलीच ठेवा, मान हलवू नका, आणि दुर्बीण उचलून डोळ्यासमोर आणा. घरासमोरच्या विजेच्या तारेवर बसलेल्या होल्यावर आठवडाभर ही सवय करा.

सावधान: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच पाहू नका, घारीच्या मागे दुर्बीण फिरवता फिरवता हे चुकून होते. मुलांच्या हातात देताना हे पहिलं वाक्य असू द्या.

## ६. ओळखायचं कसं, रंग शेवटी

नवीन माणूस म्हणतो "काळा होता, थोडं पांढरं होतं". एवढ्यावर दहा पक्षी बसतात. रंग उन्हाप्रमाणे बदललेला दिसतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच कशी, शेपटी कशी आणि ती हलवतो का, मग कुठे होता, जमिनीवर, खोडावर, तारेवर की शेंड्यावर, आणि काय करत होता. हे सगळं मनात टिपून झालं की मग रंग.

आपल्या भागात लोक फसतात त्या जागा सांगतो. कोकिळेचा नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, "कुहू" तोच करतो, आणि ठिपक्याठिपक्याची तपकिरी दिसते ती मादी, लोक तिला वेगळाच पक्षी समजतात. कावळ्याएवढा काळा पण पंख विटकरी, जमिनीवर झुडपात चालणारा तो भारद्वाज. दुपारच्या उन्हात टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज सतत येत राहतो तो तांबट, दिसायला हिरवा, कपाळ आणि छाती लाल, झाडात शोधून सापडणं कठीण. आणि हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सच्या जुन्या वड-पिंपळांवर फळं पिकली की थव्याने असतो, पण फांदीत असा मिसळून जातो की खालून माणसं चालत जातात आणि वर पाहतच नाहीत. थंडीत सकाळी सातच्या सुमारास उंच, पानं झडलेल्या शेंड्यावर ऊन खात बसलेले असतात, तेव्हा पाहा, पिवळे पाय सुद्धा दिसतील.

मोबाइलवर मर्लिन अ‍ॅप घ्या, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवते. पण ते सुचवते, शपथेवर सांगत नाही, म्हणून डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत नाव लिहू नका. आणि त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका. त्याला वाटते हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो खाणं-पिणं, पिल्लं सोडून भांडायला येतो.

पुढे जायच्या आधी तपासा: घराच्या आसपासचे वीस पक्षी पुस्तक न पाहता ओळखता येतात का? येत असतील तर तलावावर चला. नसतील तर अजून पंधरा दिवस घरीच.

## ७. तलाव: नोव्हेंबर ते फेब्रुवारी

नागपूरला तलावांची काही कमी नाही. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, आणि थोडं बाहेर पडलं की उमरेड रोडच्या बाजूचे. बारमाही पक्षी म्हणजे टिबुकली, पाणकावळा, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, खंड्या, ढोकरी. थंडीत पाहुणे येतात, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, काठावर तुतवार आणि धोबी. एप्रिलमध्ये जाऊन "बदकं कुठं आहेत" विचारण्यात अर्थ नाही, ती केव्हाच परत गेलेली असतात.

क्रम साधा आहे. सूर्य उगवायच्या वेळी पोचा, ऊन पाठीशी येईल अशी बाजू धरा, म्हणजे अंबाझरीला सकाळी पूर्वेच्या, बांधाकडच्या अंगाने. समोरून ऊन असेल तर सगळीच बदकं काळी दिसतात. पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला जाऊ नका, आधी लांबूनच डावीकडून उजवीकडे सावकाश दुर्बीण फिरवा, कारण काठावरचे सगळ्यात आधी उडतात. मग दहा-दहा पावलं पुढे आणि थांबा. चालणाऱ्या माणसाला पक्षी घाबरतो, बसलेल्या माणसाला फारसा नाही. अर्धा तास एकाच जागी बसून जेवढं दिसते तेवढं अख्ख्या तलावाला चक्कर मारून दिसत नाही. काठच्या चिखलात मातकट रंगाची ढोकरी बसलेली असते, दहा मिनिटं तुम्ही तिच्याकडेच पाहत असता आणि दिसत नाही, आणि उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात.

एका सकाळी एकच तलाव करा. तीन तलाव "करून" आलेल्यांच्या वहीत नावं असतात, पण पाहिलेलं काही नसते.

## ८. जंगल: निघण्याआधी

आता ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नागझिरा, आपलं नशीब की ही सगळी एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत.

बुकिंग फक्त वन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरून. नावात एखादं अक्षर इकडे तिकडे केलेल्या एजंटांच्या साइट खूप आहेत, पैसे भरण्याआधी पत्ता दोनदा वाचा. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवायचं. आठवड्यातला एक बंद वार असतो, ताडोब्याला मंगळवार, बाकीच्यांचा वेगळा, तो पाहूनच सुट्टी टाका. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याची, काही गेट सुरू असतात. गेटही पाहून घ्या, ताडोब्याचं कोलारा गेट नागपूरकडून मोहर्लीपेक्षा जवळ पडते, आणि पेंचसाठी सिल्लारी सोयीचं. ज्याला फक्त वाघच पाहायचा त्याने एप्रिल-मे धरावा, पाणी आटलं की प्राणी पाणवठ्यावर येतात. ज्याला जंगल, पक्षी आणि सगळं पाहायचं त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

कपडे मातकट किंवा फिकट हिरवे. पांढरा, लाल, भडक पिवळा नको, सेंट नको. डिसेंबरमध्ये उघड्या जिप्सीत पहाटे वारा असा लागतो की हात बाहेर काढवत नाही, कानटोपी आणि हातमोजे घ्याच, शहरातल्या थंडीचा अंदाज तिथे चालत नाही. उन्हाळ्यात धुळीसाठी दुपट्टा आणि प्रत्येकी पाण्याची स्टीलची बाटली. मोबाइल बऱ्याच गेटवर जमा करावा लागतो, म्हणून परतीच्या गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

पेंचला रात्री मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर वर पाहा. महाराष्ट्राच्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, एवढं काळं आभाळ नागपुरात कुठेच मिळणार नाही. आणि मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचा निसर्गानुभव वन विभाग ठेवतो, जागा कमी असतात, एप्रिलपासूनच लक्ष ठेवा.

## ९. जिप्सीत बसल्यावर

गाईडला पहिलंच वाक्य "भाऊ, वाघ दाखवा" असं म्हणू नका. "आम्हाला सगळंच पाहायचं आहे, घाई नाही" म्हणा. पूर्ण सफारी बदलून जाते. मग तो नीलपंख दाखवतो, सर्पगरुड दाखवतो, भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो ते ऐकवतो, आणि गाडी एका पाणवठ्यावर वीस मिनिटं थांबते, आणि गंमत अशी की थांबलेल्या गाडीलाच प्राणी जास्त दिसतात.

ऐकायला शिका. चितळाचा कर्कश "कुक्", सांबराचा मोठा भोंग्यासारखा "ढाँक", वानराचं खोकल्यासारखं "खॉक-खॉक", भेकराचं भुंकणं. चितळ एकदाच ओरडून गप्प झालं तर तो फुसका इशारा असू शकतो, चितळं उगाचही बिचकतात. सांबर पुन्हा पुन्हा ओरडत असेल तर गाडी बंद करून बसा. झाडावरचं वानर ज्या दिशेला पाहून ओरडते ती दिशा धरा, त्याला वरून दिसत असते.

प्राणी दिसला की या क्रमाने: इंजिन बंद, सगळे खाली बसलेले, आधी दोन मिनिटं नुसते डोळे, मग दुर्बीण, मग कॅमेरा. लोक आधी कॅमेरा काढतात आणि घरी येऊन स्क्रीनवर पहिल्यांदा प्राणी पाहतात.

सावधान: ड्रायव्हरला "अजून थोडी पुढे घ्या" म्हणू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली होती, त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. गाड्या चालवणारे ड्रायव्हर होते, पण पुढे घ्या म्हणणारे मागे बसलेले असतात. वाघ रस्त्यावर चालत असेल तर त्याला वाट मोकळी सोडणं एवढंच आपलं काम.

## १०. रस्त्यात आणि देवदर्शनाला

रामटेकच्या गडावर वानरांना केळी-चणे देणं बंद करा. त्यामुळेच ते पिशव्या हिसकतात, आणि मग त्यांनाच दगड बसतात. हातात प्लास्टिकची पिशवी दिसू देऊ नका, प्रसाद बॅगेत ठेवा, दात दाखवून हसू नका आणि डोळ्यात डोळे घालून पाहू नका, त्यांना ती धमकी वाटते. असं केलं तर ती माणसाळलेली वानरं दहा फुटांवरून आरामात पाहता येतात, आई पिल्लाला कसं सांभाळते ते पाहण्यासारखं असते.

जंगलालगतच्या रस्त्यावर संध्याकाळनंतर वेग कमी ठेवा. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून मोकळ्या वाटा बांधल्या आहेत, त्यातून वाघ सुद्धा जातात, पण बाकीच्या गावरस्त्यांवर तसं काही नाही. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी दामटू नका, मागे बाकीचा कळप असतो.

सारस पाहायचे असतील तर गोंदिया. राज्यात हा पक्षी मुख्यतः गोंदिया आणि थोडा भंडाऱ्याकडे उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणून वावरात उतरायचंच नाही, रस्त्यावरून पाहायचं, आणि शेतकऱ्याला आधी रामराम करून विचारायचं, त्याच्या वावरात पक्षी टिकला आहे तो त्याच्यामुळे.

## ११. जखमी पक्षी, साप, मांजा

हे आधीच वाचून ठेवा, वेळेवर शोधत बसाल तर उशीर होते.

उन्हाने खाली पडलेला पक्षी दिसला तर हलक्या फडक्यात धरा, हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खोकं सावलीत आणि शांत जागी. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते आणि जगणारा पक्षी तिथेच मरतो. झाकणात थोडं पाणी समोर ठेवा, पिईल त्याचं तो. दूध नको, भात नको. तासाभरात सावरला तर सोडा, नाही तर सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला, न्या, किंवा १९२६ या वन विभागाच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा.

मे-जूनमध्ये पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर फुदकताना दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असते आणि आई-बाप वरच असतात. उचलून घरी आणू नका. मांजर-कुत्रं असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि तिथून निघून जा, तुम्ही उभे असेपर्यंत आई खाली येणार नाही.

साप घरात निघाला तर एका माणसाने लांबून नुसती नजर ठेवायची, बाकीच्यांनी बाहेर, आणि १९२६ किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. झाडूने ढकलणं, बादली टाकून झाकायला जाणं, ही दंश होण्याची कारणं आहेत.

मांज्यात अडकलेला पक्षी ओढून सोडवू नका, धागा मांसात रुतत जातो. एकाने पक्षी फडक्यात डोळे झाकून धरायचा, दुसऱ्याने धागा दोन्ही बाजूंनी कापायचा, रुतलेला तुकडा तसाच राहू द्यायचा आणि उपचाराला न्यायचं. नायलॉन मांजा बंदी असूनही संक्रांतीला उडतोच, आणि झाडावर अडकलेला पुढे कित्येक महिने पक्षी मारत राहतो. म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी आपल्या गल्लीतली झाडं, तारा आणि गच्चीचे कठडे फिरून पाहा, लांब बांबूला आकडा लावून हाताला येईल तेवढा मांजा काढा. विजेच्या तारेवरच्याला मात्र हात लावायचा नाही, ते वीज कंपनीच्या माणसांना सांगा. काढलेल्या मांज्याचे कात्रीने बोटभर तुकडे करून कागदाच्या पुडीत बांधूनच कचऱ्यात टाका, लांबच्या लांब टाकला तर तिथे गाईच्या तोंडात नाही तर कावळ्याच्या पायात जातो.